एक्सटर्नल एसएसडीवरचं उबंटू २०.०४ थेट २४.०४ करता येतं का? (क्लासच्या पीसीवर तर चालूच होत नाही)

मखमलाबादी_मास्तर

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

माझ्याकडे २४० जीबीची साधी साटा एसएसडी आहे, जुन्या लॅपटॉपमधून निघालेली. ती एम.जी. रोडवरून आणलेल्या यूएसबी केसिंगमध्ये टाकली आणि लॉकडाऊनमध्ये तिच्यावर उबंटू (लिनक्स) २०.०४ टाकलं. लाइव्ह (इन्स्टॉल न करता चालणारं) वगैरे नाही, व्यवस्थित पूर्ण इन्स्टॉल, घरच्या लॅपटॉपला लावून. लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर विंडोज आहे, त्यावर मिसेसचं ऑफिसचं काम असतं, म्हणून त्याला हात लावायचा नव्हता, सगळं माझं जग त्या एसएसडीवर. प्रश्नपत्रिका, लिब्रेऑफिस, जिओजेब्रा, अकरावी-बारावी सीबीएसईच्या पोरांचं पायथन, मराठी टायपिंगचा कीबोर्ड, सगळं.

आता २०.०४ चा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला, तो मेसेज रोज दिसतो, आणि काही सॉफ्टवेअर नवीन व्हर्जन द्यायलाच तयार नाहीत. म्हणून थेट २४.०४ वर जायचंय. दुसरं म्हणजे गंगापूर रोडच्या ज्या क्लासला शिकवायला जातो तिथले पीसी बऱ्यापैकी नवीन आहेत, पण तिथे एसएसडी लावली की चालूच होत नाही. बूट मेनूत नावच येत नाही, सरळ विंडोज सुरू. मला वाटतं २०.०४ चं कर्नल (सिस्टीमचा गाभा) जुनं झालं म्हणून नवीन मशीन ओळखत नसेल, २४.०४ केलं की हेही सुटेल, बरोबर ना?

अपग्रेड करताना आतल्या विंडोजला काही होणार नाही ना एवढंच सांगा. बाकी वेळ किती लागेल, डेटा राहील का, वगैरे.

ता.क. एक विचित्र गोष्ट, कदाचित संबंध नसेल. एसएसडी न लावता लॅपटॉप चालू केला तर काळ्या स्क्रीनवर नुसतं ग्रब लिहून येतं आणि पुढे काहीच नाही. मग बंद करून एफ१२ दाबून विंडोज बूट मॅनेजर निवडायचं. मिसेसला सवय झालीये आता.

सातपूर_शिफ्टवाला

थेट २४.०४ नाही होत भाऊ. एलटीएसवरून (लांब सपोर्टवाली आवृत्ती) पुढच्याच एलटीएसवर, म्हणजे २०.०४ वरून आधी २२.०४ आणि मग २४.०४. मधली पायरी गाळता येत नाही, कुणी कितीही सांगू दे सोर्सेसची फाईल बदल आणि मार म्हणून, तसलं करू नको.

पण मी म्हणेन एवढे कुटाणे कशाला? होम फोल्डर कॉपी कर दुसऱ्या डिस्कवर, २४.०४ ची आयएसओ (इन्स्टॉलची फाईल) डाउनलोड कर, फ्रेश टाक. दोनदा अपग्रेड म्हणजे दोनदा हजारो पॅकेजेस उतरणार, यूएसबीवरून लिहिणार, मधे काही अडकलं की रात्र गेली. २०२९ पर्यंत मग निवांत. आपल्याकडे कंपनीत फ्रेशच करतो सगळे.

टर्मिनल_ताई

सर, आधी काहीही अपग्रेड करू नका. फ्रेश पण नको आणि दोन पायऱ्यांचं पण नको. तुमचं खरं उत्तर त्या ता.क. मध्येच आहे, आणि त्याचा संबंध शंभर टक्के आहे.

घरच्या लॅपटॉपला लावूनच खाली दिलेल्या दोन कमांड मारा आणि काय येतं ते इथे टाका. मोबाईलवरून मराठी कीबोर्डने लिहितेय म्हणून कमांड उच्चाराप्रमाणे देतेय, तुम्ही इंग्रजीतच मारा. पहिली एलएसबीएलके मायनस एफ. दुसरी फाइंडएमएनटी, स्पेस, स्लॅश बूट स्लॅश ईएफआय. बदल काहीच होत नाही यांनी, नुसतं दाखवतात.

द्वारका_जॅम

मधेच घुसतोय सॉरी 🙏 माझ्याकडे पण सेम आहे, ३२ जीबीचा पेनड्राइव्ह, रुफसने (पेनड्राइव्ह बूटेबल करणारं सॉफ्टवेअर) उबंटू २२.०४ टाकलंय, पर्सिस्टन्सचा स्लायडर ओढून, फाईली सेव्ह राहतात. मी पण अपग्रेड करू का? अपडेट लावायला गेलो तर जागा भरली म्हणतं.

टर्मिनल_ताई

जॅम, तुझं सेम नाहीये, नावापुरतं सारखं आहे. तुझ्याकडे आहे ते लाइव्ह. खाली एक दाबून बंद केलेली, फक्त वाचता येणारी मूळ सिस्टीम आणि तिच्यावर तुझे बदल ठेवणारा वेगळा थर. तू एखादं पॅकेज अपडेट केलंस की जुनं खाली तसंच पडून राहतं, नवीन वरच्या थरात जातं, म्हणजे जागा दुप्पट खाल्ली. शिवाय बूट होताना कर्नल येतं ते मूळ आयएसओतलं, तू अपडेट करून आणलेलं कर्नल नुसतं पडून राहणार. म्हणजे पूर्ण २४.०४ चं अपग्रेड त्या थरात कोंबलंस तर खाली २२.०४ चं कर्नल, वर २४.०४ ची सिस्टीम, आणि ३२ जीबी अशीतशीच संपणार.

तुला अपग्रेड हा शब्दच लागू नाही. फाईली बाहेर काढ, २४.०४ ची नवीन आयएसओ घे, पुन्हा रुफस. खात्री करायची असेल तर डीएफ मायनस एच मार, रूटसमोर काऊ किंवा ओव्हरले असं काही दिसलं तर लाइव्ह, सरळ एसडीबी-दोन वगैरे दिसलं तर पूर्ण इन्स्टॉल.

द्वारका_जॅम

काऊ दिसतंय 😅 म्हणजे गाय निघाली. ओके ताई, नवीनच करतो.

मखमलाबादी_मास्तर

ताई, मारल्या दोन्ही. बघून बघून हाताने लिहितोय कारण कॉपी करून टाकलं तर इथे सगळं विस्कटतंय.

आतली डिस्क एनव्हीएमई आहे. तिचं पहिलं पार्टिशन २६० एमबी, व्हीफॅट, आणि त्याच्यासमोर लिहिलंय स्लॅश बूट स्लॅश ईएफआय. बाकी त्या डिस्कवर एनटीएफएस आहेत ती विंडोजची. एसएसडी आहे एसडीए. एसडीए-एक ५१२ एमबी, व्हीफॅट, समोर काहीच नाही, रिकामं. एसडीए-दोन ईएक्सटी-४, समोर नुसता स्लॅश. दुसऱ्या कमांडनेही तेच एनव्हीएमईवालं दाखवलं.

म्हणजे काय झालंय?

टर्मिनल_ताई

म्हणजे तुमचं उबंटू एसएसडीवर आहे, पण ते चालू करणारा बूटलोडर लॅपटॉपच्या पोटात आहे. विंडोजच्याच २६० एमबीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये एक उबंटू नावाचं फोल्डर पडलेलं असणार. जुना इन्स्टॉलर यूईएफआय (नव्या मशीनमधलं बायोस) मोडमध्ये हेच करायचा, तुम्ही डिस्क कुठलीही निवडा, बूटलोडर जायचा पहिल्या सापडलेल्या ईएफआय पार्टिशनमध्ये. एसएसडीवर ५१२ एमबीचं पार्टिशन बनवलं खरं, पण त्यात काही ठेवलंच नाही. तुम्ही काही चुकीचं निवडलेलं नाही.

आता तुमच्या दोन्ही तक्रारी लावून बघा. एसएसडी काढली की लॅपटॉपमधला ग्रब, म्हणजे तोच बूटलोडर, उठतो, आपली बाकीची फाईल शोधतो, ती असते एसएसडीवर, सापडत नाही, म्हणून काळ्या स्क्रीनवर बसून राहतो. आणि क्लासला एसएसडी नेली की तिच्यात बूट करण्यासारखं काहीच नाही, मग बूट मेनूत नाव येणार कुठून? कर्नल जुनं असण्याचा काही संबंध नाही, कर्नलपर्यंत गाडी पोचतच नाहीये. २४.०४ केलंत तरी क्लासला हेच होणार.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. अपग्रेडमध्ये ग्रबचं पॅकेज नवीन येतं आणि ते स्वतःला पुन्हा बसवतं, जिथे स्लॅश बूट स्लॅश ईएफआय जोडलेलं असेल तिथे. म्हणजे आत्ताच अपग्रेड केलं असतंत तर ते परत मिसेसच्या विंडोजशेजारी जाऊन लिहिलं असतं. विंडोज उडत नाही त्याने, पण तुम्हाला ज्याला हात लावायचा नव्हता त्यालाच लागला असता.

म्हणून क्रम असा. आधी बॅकअप, मग बूटलोडर एसएसडीवर आणायचा, क्लासला नेऊन खरंच उठते का बघायचं, आणि मगच अपग्रेड.

देवळाली_काका

ताईंनी छान सांगितलं. मास्तर, एक भर घालतो. लॅपटॉपच्या विंडोजवर बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू आहे का ते पहिलं बघा, आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटमध्ये काही बदल दिसला की ते की मागतं, आणि नेमकी तेव्हा ती कुठे ठेवलीय ते कोणाला आठवत नाही. ऑफिसचा लॅपटॉप असेल तर की ऑफिसकडे असू शकते.

जाता जाता माझाही प्रश्न, वेगळा धागा कशाला. मी रुफसनेच विंडोज १० टू गो (यूएसबी डिस्कवरून चालणारं विंडोज) केलंय एसएसडीवर. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. आता ११ चा सेटअप आतून चालवला तर म्हणतो यूएसबी ड्राइव्हवर विंडोज बसवता येत नाही. उपाय?

सातपूर_शिफ्टवाला

काका, विंडोज टू गोचं तसंच आहे, मोठे अपग्रेड त्याच्यावर होऊच द्यायचे नाहीत असं पहिल्यापासून ठेवलेलं, आणि २०२० च्या २००४ व्हर्जनपासून ते फीचरच काढून टाकलं. रुफस आपल्या जोरावर बनवून देतं एवढंच. रजिस्ट्रीत पोर्टेबल ऑपरेटिंग सिस्टीम नावाची एक व्हॅल्यू असते, ती एकाची शून्य केली की सेटअप गप बसतो असं लोक करतात, पण मी म्हणेन डेटा काढा आणि ११ चं नवीन टू गो रुफसनेच करा. तुटलं तर कुठे रडणार.

आणि ताई, तुमचं निदान मान्य, मला ते ता.क. दिसलंच नाही. पण तरी माझं म्हणणं तेच, फ्रेश करा. बूटलोडर दुरुस्त करायला जितकं टायपिंग तितक्यात नवीन बसेल.

टर्मिनल_ताई

नवीन बसवलं तरी बूटलोडर कुठे गेला हे तपासावंच लागणार ना, मग वाचलं काय? हां, फ्रेश करायचंच असेल तर इन्स्टॉल करताना आतली डिस्क बायोसमधून बंद करता आली तर करावी, किंवा ती नसलेल्या मशीनवर करावं. पण सरांचं मराठी कीबोर्ड, प्रिंटर, प्रश्नपत्रिकांचे टेम्प्लेट सगळं जमलेलं आहे, ते पुन्हा जमवायला आठवडा जातो, इन्स्टॉलला जातो अर्धा तास. ज्याच्याकडे फक्त ब्राउझर आहे त्याने फ्रेश करावं.

मास्तर सर, आता तुमच्यासाठी.

बॅकअपला क्लोनझिला (अख्ख्या डिस्कची प्रत काढणारं सॉफ्टवेअर) वापरा, वेगळ्या पेनड्राइव्हवरून बूट करून. ते फक्त वापरलेली जागा उचलतं त्यामुळे २४० जीबीची एसएसडी असली तरी इमेज तेवढी होत नाही. कुठून आणि कुठे हे विचारेल तेव्हा नावावर जाऊ नका, डिस्कचा आकार आणि मॉडेल वाचा. एसडीए-एसडीबी ही नावं पोर्ट बदलला, पेनड्राइव्ह लावला की बदलतात.

मग उबंटूत येऊन पहिल्यांदा स्लॅश बूट स्लॅश ईएफआय अनमाउंट करा (जोडणी सोडा). बीएलकेआयडी मारून ५१२ एमबीवाल्या पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख-नंबर) बघा, तो छोटा असतो, चार अक्षरं, डॅश, चार अक्षरं. ईटीसी फोल्डरमधली एफएसटॅब फाईल (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं ती यादी) सुडोने, म्हणजे अ‍ॅडमिनच्या हक्काने, उघडा, त्यात बूट-ईएफआयच्या ओळीत असाच एक छोटा यूयूआयडी दिसेल, तो लॅपटॉपचा आहे. तो काढून एसएसडीचा टाका, बाकी ओळीला हात नको. सेव्ह, आणि सुडो माउंट स्लॅश बूट स्लॅश ईएफआय. परत फाइंडएमएनटी मारा, आता एसएसडीचं नाव आलंच पाहिजे. नाही आलं तर इथेच थांबा आणि मला सांगा.

आलं तर ग्रब-इन्स्टॉल दोनदा. पहिल्यांदा टार्गेट एक्स८६-६४-ईएफआय, ईएफआय-डिरेक्टरी स्लॅश बूट स्लॅश ईएफआय, आणि शेवटी नो-एनव्हीरॅम. दुसऱ्यांदा तेच, फक्त नो-एनव्हीरॅमच्या जागी रिमूव्हेबल. खरी चावी ही दुसरी. कुठलंही यूईएफआय मशीन अनोळखी डिस्कवर एकच ठरलेली फाईल शोधतं, ईएफआय फोल्डर, त्यात बूट फोल्डर, त्यात बूटएक्स६४ डॉट ईएफआय. रिमूव्हेबल म्हटलं की ग्रब त्या नावाने जाऊन बसतो. नाहीतर तो मदरबोर्डच्या मेमरीत नोंद करून ठेवतो, आणि ती नोंद घरीच राहते, एसएसडीबरोबर क्लासला येत नाही.

मग डीपीकेजी-रीकन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४ चालवा. बूटलोडर कुठल्या ईएफआय पार्टिशनवर ठेवू अशी यादी विचारली तर फक्त ५१२ एमबीवाल्यासमोर खूण, २६० वाल्यासमोरची काढा. हे केलं नाही तर पुढे अपग्रेडमध्ये तो जुन्याच जागेवर जायला बघेल.

अजून एक, ईटीसी-डिफॉल्ट-ग्रब फाईलमध्ये ग्रब डिसेबल ओएस-प्रोबर बरोबर ट्रू अशी ओळ टाकून अपडेट-ग्रब करा. नाहीतर मेनूत घरच्या लॅपटॉपचं विंडोज दिसत राहतं, क्लासच्या पोरांनी त्यावर क्लिक केलं की एरर.

लॅपटॉपमधलं जुनं उबंटू फोल्डर आत्ता काढू नका. आधी एसएसडी दुसऱ्या मशीनवर उठू दे.

मखमलाबादी_मास्तर

ताई, तुमचे उपकार. बिटलॉकर बंदच होतं, बघितलं. क्लोनझिला केलं, रात्री लावून झोपलो.

मग तुम्ही सांगितलं तसंच, एफएसटॅबमध्ये खरंच तो डॅशवाला नंबर लॅपटॉपचा निघाला. बदलला, ग्रब दोन्ही वेळा "नो एरर रिपोर्टेड" म्हणाला. आज क्लासला लवकर गेलो, मालकांना विचारून एका पीसीला मागच्या निळ्या पोर्टला एसएसडी लावली, एफ१२, आणि पहिल्यांदाच तिचं नाव आलं, पुढे यूईएफआय लिहिलेलं! सिक्युअर बूट (अनोळखी बूटलोडर अडवणारी सोय) चालूच होतं, तरी उठली. पोरांना पडद्यावर माझा त्र्यंबकच्या पावसाचा वॉलपेपर दिसला, ती हसायला लागली.

आता अपग्रेड करू ना? आणि घरी ते काळं ग्रब अजून येतंय.

टर्मिनल_ताई

मस्त. आता ते काळं ग्रब घालवा. घरी, एसएसडीवरून उबंटूत येऊन ईएफआयबूटएमजीआर मारा, यादी येईल, प्रत्येकाला चार आकडी नंबर. विंडोज बूट मॅनेजर सोडून जी उबंटू नावाची नोंद आहे तिचा नंबर घ्या आणि मायनस बी तो नंबर, मायनस मोठा बी, अशी काढून टाका. २६० एमबीवालं पार्टिशन हाताने माउंट करून त्यातलं ईएफआयच्या आतलं फक्त उबंटू फोल्डर काढा. शेजारी मायक्रोसॉफ्ट नावाचं फोल्डर असेल, त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.

अपग्रेड घरीच करा, लॅपटॉपवर, बॅटरी फुल, चार्जर लावून. लाईट गेली तरी लॅपटॉप तग धरतो, क्लासचा पीसी धरणार नाही. एसएसडी थेट लॅपटॉपच्या यूएसबी ३ पोर्टला, हब नको, आणि केबल अशी ठेवा की कुणाचा पाय, मांजर, काही लागणार नाही. मधेच केबल हलली तर अर्धी पॅकेजेस नवीन अर्धी जुनी, आणि मग डीपीकेजी कन्फिगर मायनस ए करत बसा. झाकण बंद करायचं नाही, लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की यूएसबीची वीज जाते.

आधी आत्ताच्या २०.०४ ची सगळी अपडेट्स, मग ऑटोरिमूव्हने जुनी कर्नल साफ, मग रीबूट, आणि मग डू-रिलीज-अपग्रेड. २२.०४ वर आल्यावर लगेच पुढे पळू नका, रीबूट करा, चार दिवस वापरा, प्रिंट काढून बघा, फाइंडएमएनटी पुन्हा मारा. मग २४.०४.

सातपूर_शिफ्टवाला

चला, हरलो 😄 पण माझा एक पॉइंट तरी घ्या. मास्तर, क्लासच्या पीसीवर तुमचं उबंटू चालवून बंद केलं की पुढच्या माणसाला विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. उबंटू मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहितं, विंडोज तेच लोकल टाइम समजतं. बँकेची साइट, हजेरीचं सॉफ्टवेअर सगळं बिघडतं आणि बोट तुमच्याकडे. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी एक असं करून टाका. उबंटू यावर कुरकुर करणारा एक मेसेज दाखवतं, दुर्लक्ष करा.

मखमलाबादी_मास्तर

अहो शिफ्टवाले, मालकांचा फोन येऊन गेला कालच, "सर घड्याळ कोणी बदललं"! आत्ता कळलं. केलं ते.

अपडेट देतो. काळं ग्रब गेलं, मिसेस खूश, पहिल्यांदाच लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये गेला. २२.०४ झालं, पाऊस होता, एकदा लाईट गेली पण लॅपटॉपला कळलंही नाही. मधे फाईल बदलू का ठेवू असं काही ठिकाणी विचारलं तिथे जुनी ठेवली. मराठी कीबोर्ड इनपुट सोर्समध्ये परत जोडावा लागला, बाकी फॉन्ट वगैरे जागच्या जागी. फायरफॉक्स पहिल्यांदा उघडायला इतका वेळ घेतो की मला वाटलं हँग झालं, बुकमार्क मात्र सगळे आले.

मग दोन आठवड्यांनी २४.०४ पण केलं. तेही झालं. पण पायथनचं सगळं बंद पडलं! पोरांसाठीचं जे वेगळं एनव्हायर्नमेंट होतं ते चालूच होत नाही, आणि पिपने (पायथनची पॅकेजेस आणणारं साधन) मॅटप्लॉटलिब टाकायला गेलो तर म्हणतो एक्सटर्नली मॅनेज्ड एनव्हायर्नमेंट, आणि नकार.

टर्मिनल_ताई

फायरफॉक्स २२.०४ पासून स्नॅप (सगळं एकत्र बांधलेलं पॅकेज) झाला, म्हणून पहिल्यांदा रेंगाळतो, एसएसडीवर एवढं जाणवतंय तर पेनड्राइव्हवाल्यांचे हाल विचारू नका.

पायथन बंद पडलं नाही, बदललं. २०.०४ मध्ये ३.८ होतं, २२.०४ मध्ये ३.१०, आता ३.१२. जुनं एनव्हायर्नमेंट ३.८ ला बांधलेलं, ते ३.८ आता सिस्टीमवर नाहीच. ते फोल्डर काढून नवीन बनवा, पायथन३-व्हेन्व्ह पॅकेज टाकून. त्याच्या आत पिप पूर्वीसारखंच चालतं. बाहेर नकार देतो ते तुमच्या भल्यासाठी, सिस्टीमची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात, पिपने वरून काही टाकलं की ती मोडतात. नेटवर कोणीतरी ब्रेक-सिस्टीम-पॅकेजेस लावायला सांगेल, नावातच लिहिलंय काय होणार ते. नुसतं मॅटप्लॉटलिब हवं असेल तर एपीटीने (उबंटूचं स्वतःचं पॅकेज साधन) पायथन३-मॅटप्लॉटलिब टाका, सगळ्यात सोपं.

अपग्रेडच्या वेळी बाहेरचे पीपीए (उबंटूबाहेरून सॉफ्टवेअर देणारे स्रोत) बंद झाले असतील, ते एकदम सगळे परत चालू करू नका. जे लागतं तेवढंच, आणि त्याची २४.०४ ची आवृत्ती आहे का ते बघून.

मखमलाबादी_मास्तर

झालं ताई, एपीटीनेच केलं. शेवटचा प्रश्न, खरंच शेवटचा. क्लासला कोपऱ्यात एक जुना डबा आहे, त्याच्या बायोसमध्ये यूईएफआय नावाची गोष्टच नाही. त्याच्यावर ही एसएसडी उठणार नाही ना? तो पीसी कायम रिकामा असतो म्हणून विचारतो.

टर्मिनल_ताई

प्रोसेसर ६४ बिटचा असेल तर उठवता येते. ३२ बिट असेल तर नाही, मग विषय सोडा.

तुमच्या एसएसडीचं पार्टिशन टेबल जीपीटी (नव्या पद्धतीचं) असणार, पार्टेड मायनस एल ने खात्री करा. जीपीटीवर जुन्या बायोससाठी ग्रबला स्वतःचा एक छोटा तुकडा लागतो, बायोस बूट पार्टिशन. त्यासाठी काही आकसायला नको. डिस्कच्या सुरुवातीला सेक्टर ३४ ते २०४७ ही जागा बहुतेक वेळा मोकळीच असते, एक एमबीपेक्षा थोडी कमी, ग्रबला पुरते. एसजीडिस्कने तिथेच तिसरं पार्टिशन करा, टाइप ईएफ०२, आणि अलाइनमेंट एक ठेवा नाहीतर ३४ पासून सुरू करू देत नाही. फॉरमॅट करायचं नाही त्याला. मग ग्रब-पीसी-बिन हे पॅकेज टाका. बिन शेवटी आहे ना बघा, नुसतं ग्रब-पीसी टाकलं तर ते ईएफआयवालं काढून टाकेल आणि आत्तापर्यंतची मेहनत पाण्यात. मग ग्रब-इन्स्टॉल, टार्गेट आय३८६-पीसी, आणि पुढे एसएसडीचं नाव, पार्टिशनचं नाही, अख्ख्या डिस्कचं. एंटर दाबायच्या आधी एलएसबीएलके परत मारून ते नाव २४० जीबीवाल्याचंच आहे ना ते वाचा.

हा बायोसवाला ग्रब पुढच्या अपडेट्समध्ये आपोआप बदलत नाही, तेव्हा ग्रबचं मोठं अपडेट आलं की ही शेवटची कमांड हाताने परत मारायची. आणि त्या डब्याला समोरच्या पोर्टपेक्षा मागचा पोर्ट द्या, एवढ्या जुन्या मशीनला समोरच्या पोर्टवर एसएसडीपुरती वीज मिळेलच असं नाही.

द्वारका_जॅम

ताई मी आता पेनड्राइव्हवर पूर्ण इन्स्टॉल करायच्या विचारात आहे, ३२ जीबीच. चालेल का?

टर्मिनल_ताई

चालेल, पण रडशील. पेनड्राइव्ह मोठी फाईल पटापट घेतो, बारीक बारीक हजार फाईली लिहायला लागला की जीव जातो त्याचा, आणि अपग्रेड म्हणजे तेच. मास्तरांसारखी जुनी एसएसडी शोध, केसिंग फार महाग नसतं. आणि इन्स्टॉल झाल्यावर पहिली कमांड फाइंडएमएनटी.